वायर धरणारी

हंगिरगेकर बाईंचा तानपुरा लाकडाचा नव्हता.
प्लॅस्टिकचा खोका, जेवणाच्या डब्याएवढा,
दोन घुंड्या, एक लाल दिवा,
आणि मागं एक भोक
ज्यात अडॅप्टरची पिन जायची
पण राहायची नाही.

आधी बसच्या तिकिटाची घडी घालून पाहिली,
मग रबर, मग खाली आगपेटी,
मग मी.

"तुझा आवाज अजून बसायचाय," बाई म्हणाल्या,
"तोवर वायर धर."

वडगावात, दोन्ही बाजूंना माग चाललेले,
मंगळवारी आणि शुक्रवारी
मी वायर धरली. तीन वर्षं.
जरा वर, जरा डावीकडं,
कानाची पाळी धरावी तशी चिमटीत.
सा तुटला की सगळ्यांच्या माना माझ्याकडं.
शेजारचा माग अडकून थांबला की उलट जास्त भीती,
कारण तेव्हा माझा श्वाससुद्धा ऐकू यायचा.
सुवर्णा कणबर्गीचा निषाद कुठं घसरणार
हे मला बोटांत आधी कळायचं.
यमन असा शिकले मी,
तोंड न उघडता.

आता पहिल्या गेटाजवळ माझं दुकान आहे.
पाटीवर कन्नड वर, मोठं. मराठी खाली, मावेल तेवढं.
पेंटरनं कृतिकाचं क्रुतिका केलंय, सवय झालीय.
गणपती मंडळांचे ॲम्प येतात,
गोकाककडच्या पारिजातवाल्यांचा मिक्सर येतो
गुलालासकट.

आणि परवा बाई आल्या. कापडी पिशवीत तो खोका,
पिनेला जखमेची पट्टी गुंडाळलेली.
"हेच करालीस होय गं आता?"
"हेच की, बाई."
"नातू म्हणतोय नवं घे, हुबळीत मिळतंय.
पण ह्याचा सा माझ्या ओळखीचा हाय."

चार स्क्रू. त्यातला एक वेगळ्या जातीचा,
म्हणजे कुणीतरी आधी डोकावून गेलंय.
आत धूळ, पालीच्या अंड्याचं टरफल,
आणि भिंगाखाली, डाकाभोवती,
केसाएवढी गोल भेग.
एवढीच.
तिकीट, रबर, आगपेटी, मी,
आम्ही सगळे बाहेरून धरून बसलो होतो.

जुनं कथील तांब्याच्या वातीनं टिपून घेतलं.
नवा जॅक, बारा रुपयांचा, बसवला
तर तो कलला. मला तिसरा हात हवा होता
आणि बसलिंग चहा आणायला गेलेला.

"बाई, जरा धरा. इथं. हलवू नका."

त्यांनी चिमटा घेतला. हात थरथरत होता,
अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हात.
मी काडी टेकवली. राळेचा धूर,
कथील वितळून आरशासारखं झालं,
आणि नेमकं तेव्हाच फाटक पडलं.
मालगाडी.
टेबल हलायला लागलं, डब्यातले स्क्रू नाचायला लागले.
गार होईस्तोवर हललं तर पुन्हा भेग.
"सोडू नका, बाई."
बाईंनी दुसरा हातही लावला, डोळे मिटले,
खर्ज लावताना मिटायच्या तसे,
आणि त्यांचा श्वास
मला ऐकू आला नाही.

किती डबे गेले कुणास ठाऊक.
चकाकी हळूच मंदावली. धरलं.

मल्टीमीटर लावला. पीप.
"तीव्र मध्यम," डोळे न उघडता बाई म्हणाल्या,
"जरा चढाच हाय."

पिन घातली. लाल दिवा.
प सा सा सा.
मी खोका उचलला, हलवला,
उलटा केला. सा तुटला नाही.
बसलिंग दारात, हातात तीन कटिंग,
"सरी आयतु?"
"आयतु."

पैसे किती ते विचारलं नाही बाईंनी.
घुंडी फिरवून स्वर दोन घरं खाली आणला,
बायकांना झेपतो तिथं, मला झेपेल तिथं.
"म्हण की गं."
"बाई, माझा आवाज अजून..."
"म्हण."

फाटक उघडलं, बाहेर सगळ्यांचे हॉर्न एकदम.
मी सा म्हणायला तोंड उघडलं
आणि डाव्या हाताची बोटं
आपोआप
वायरीकडं गेली.